नाण्यावरचा लाल कागद

आमच्या गावात जिवंतपणी उदबत्ती लागलेला माणूस एकच होऊन गेला, आणि तोही बदकं राखणारा. फंग शुइकन. साधू नाही, पुढारी नाही, धड शाळाही शिकलेला नाही. लांब बांबूच्या टोकाला चिंधी बांधायची, होडीत उभं राहायचं आणि तोंडाने ल्या-ल्या-ल्या करत बदकांचा कळप तळ्यावर न्यायचा, संध्याकाळी परत आणायचा. एवढाच त्याचा जन्म. उगाच वाढवून सांगत नाही.

मी त्याला रोज बघायची. पुलाच्या तोंडाशी, शिंग घराण्याच्या पितरांच्या मंदिरासमोर, माझं नूडल्सचं दुकान आहे. त्याची होडी पुलाखालून जाताना तो खालून ओरडायचा, "वहिनी, रस्सा कालचाच ना?" मी वरून म्हणायची, "तुझी अंडी तरी कुठे आजची असतात मेल्या!" यात आमची वीस-पंचवीस वर्षं गेली.

दिसायला कसा होता ते सांगायलाच हवं, कारण सगळं रामायण त्या चेहऱ्यानेच घडवलं. लांबट, हाडकुळा चेहरा. सरळ नाक. पाण्यावरच्या उन्हाने कायमचे बारीक झालेले डोळे. तरुणपणी बांबू निसटून लागला होता, त्याने डावी भुवई मधोमध दुभंगलेली. स्वभावाने गमत्या, पण गप्प बसला की बघणाऱ्याला वाटावं, या माणसाने जगाचं सगळं दुःख पचवलंय. विचार करत असायचा कसला, तर कोंबडीच्या खुराड्यात अंडी घालून येणाऱ्या त्या एका चुकार बदकिणीचा.

फंग म्हणजे पाण्यावरची माणसं. त्याच्या आजोबांची होडी कुठल्याशा पुरात वाहत इथे आली आणि शिंगांनी खाडीच्या टोकाला राहू दिलं म्हणून राहिली. तीन पिढ्या झाल्या तरी ते उपरेच. गाव शिंगांचं, जमीन शिंगांची, खाडी शिंगांची. मंदिराच्या उंबऱ्याच्या आत फंगांनी पाऊल टाकायचं नाही, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण लहान पोरालाही ठाऊक होतं. मी स्वतः शिंगांची सून आहे, तेव्हा नावं ठेवतेय ती घरच्यांनाच.

आता शिंगांचा मूळपुरुष. सहाशे वर्षांपूर्वीचा कादंबरीकार. सरकारी परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाला, मग चिडून तळ्याकाठी झोपडी बांधली आणि चोर, बाईचं रूप घेणाऱ्या कोल्हिणी आणि लाचखाऊ अधिकारी यांची भलीमोठी कादंबरी लिहून काढली. त्या काळी कादंबरी लिहिणं म्हणजे घराण्याला काळिमा. शिंगांनी त्याला वंशावळीतून खोडून टाकलं होतं. पुढे कादंबरी देशभर गाजली, तसं ह्यांना एकदम आठवलं की अरेच्चा, हा तर आपलाच! मग मंदिरात मधोमध त्याच्या नावाची लाकडी पाटी बसली. फक्त त्याचा चेहरा कसा होता हे कुणालाच माहीत नव्हतं. ज्याला हाकलून दिला त्याचं चित्र कोण काढून ठेवतंय?

त्यामुळे त्याच्या सन्मानार्थ चांदीचं नाणं काढायचं असं जेव्हा सरकारने ठरवलं, तेव्हा टांकसाळीकडून एक चित्रकार पोरगी आमच्याकडे आली. शिंग पुरुषांचे चेहरे बघायला. वंशजांत पूर्वजाची काही छाया सापडते का ते बघायला. तिची सरबराई केली पाओथाय काकांनी. हे माझे चुलत सासरे, शिंगांचे प्रमुख, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, वय ब्याऐंशी. नाण्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज करणारे तेच. त्यांनी गावातल्या एकूण एक शिंग पुरुषाला दाढी करून अंगणात रांगेत उभं केलं. पोरीने बिचारीने सगळ्यांची चित्रं काढली. पण आमच्या घराण्याची तोंडं म्हणजे वाफेवर फुगलेले पाव, डोळे कुठे नि गाल कुठे ते शोधावं लागतं. पोरगी दमून माझ्या दुकानात येऊन बसली. तेवढ्यात खालून शुइकनची होडी आली. तिच्या नूडल्स खायच्या काड्या हातातच राहिल्या.

तीन दुपारी ती खाडीच्या काठाला बसून त्याला बघत कागदावर काढत होती. शुइकनला वाटलं, बदकांचं चित्र काढतेय. "पोरी, डाव्या अंगाची पांढरी आहे ना, तिला जरा बारीक काढ, तिला लठ्ठ म्हटलेलं आवडत नाही," असं त्याने सांगितलं होतं. जाताना पोरीने त्याच्याकडून खारवलेली अंडी घेतली आणि वाकून नमस्कार केला. झालं.

हिवाळ्याच्या सुरुवातीला नाणं आलं. लहान नाणी गावात बऱ्याच जणांनी घेतली, पण घराण्याने वर्गणी काढून मोठं घेतलं होतं, बशीएवढं, शुद्ध चांदीचं. ते ढोल-झांजांच्या गजरात होडीतून मंदिरात न्यायचं ठरलं. होडीच्या टोकाला लाल गादीवर नाणं, मागे काका. रुंद अंगरख्यात, डोक्यावर पंडिताची टोपी घातलेला, हातात लेखणी धरलेला मूळपुरुष त्यावर पाण्याकडे बघत होता. "माझे आजोबा! हुबेहूब माझे आजोबा!" म्हणत काका रडत होते, मूळपुरुषाला ते आजोबाच म्हणत. काठावरची माणसंही रडत होती. मीही थोडी रडले, खोटं कशाला बोलू.

वाट द्यायला फंगांची होडी काठाला दाबून उभी होती. होडीत शुइकनची बायको हायथांग, मांडीवर अंड्यांची पाटी. नाणं तिच्यापासून हातभर अंतरावरून गेलं. तिने पाहिलं आणि पाटी सुटली. सगळी अंडी होडीच्या तळाशी फुटली. लोकांना वाटलं, गर्दीत धक्का लागला.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. पांढरीफटक. "ताई, दार लावा," म्हणाली.

"भर गिऱ्हाइकीत दार लावू?"

"लावा म्हणते ना!"

दार लावलं. तिने माझ्याच भिंतीवर टांगलेलं लहान नाणं काढून माझ्या हातात दिलं. "टोपी झाका बोटाने. दाढी झाका. आता भुवई बघा."

मी बघितलं. दुभंगलेली डावी भुवई. मग डोळे बघितले. रोज ज्याला मेल्या म्हणते, तोच चांदीत बसून माझ्याकडे बघत होता.

मी आधी हसले. हसू आवरेना. शिंगांच्या मंदिरात मधोमध फंग! पण हायथांग हसली नाही. म्हणाली, "ताई, तिथे त्याला उदबत्ती लागतेय. सकाळ-संध्याकाळ."

तेव्हा माझं हसू विझलं. आमच्याकडे जिवंत माणसाच्या प्रतिमेला उदबत्ती लावत नाहीत. लावली तर त्याचं आयुष्य जळतं, कारण वर समजतात की हा गेला. आणि वयाने मोठ्याने धाकट्यापुढे डोकं टेकलं तर तेही धाकट्याच्या आयुष्यातून वजा होतं. काका ब्याऐंशीचे, शुइकन अठ्ठावन्नचा. काका रोज दोनदा गुडघे टेकत होते, आणि घराण्यातले झाडून सगळे म्हातारे त्यांच्या मागे.

"नवऱ्याला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणतो, माझ्या थोबाडाचं नाणं असेल तर चोर तरी नेणार नाही."

पण थट्टा फार दिवस टिकली नाही. थंडी वाढली आणि शुइकनला खोकला धरला. असा तसा नाही, होडीत उभं राहवेना. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, छातीचा फोटो काढला, डॉक्टर म्हणाले काही दिसत नाही, औषध घ्या. काही दिसत नाही म्हटल्यावर तर हायथांगचा धीरच सुटला. दिसलं असतं तर निदान नाव तरी कळलं असतं. नवीन वर्षापर्यंत तो एवढा वाळला की गालाची हाडं वर आली, आणि खरं सांगते, जितका वाळला तितका तो नाण्यासारखा दिसायला लागला. मला बघवेना. खालून ओरडणारं कुणी नाही म्हटल्यावर पुलही ओस वाटायचा.

"आम्हाला मूलबाळ नाही, ताई," हायथांग एकदा चुलीपाशी बसून म्हणाली. "उद्या तो गेला तर त्याला उदबत्ती लावायला काळं कुत्रं नाही. आणि आज जिवंत आहे, तर अख्खं गाव लावतंय. देवाला काही हिशेब कळतो की नाही?" आणि ढसाढसा रडली.

समोर छिंगमिंग होता. वसंतातला पितरांचा दिवस. त्या दिवशी देशभर विखुरलेले शिंग मंदिरात जमणार होते, नाण्याच्या कौतुकाने यंदा तर दुप्पट. शेकडो माणसं एकदम डोकं टेकणार. हायथांगने मनाशी पक्कं धरलं होतं की त्या दिवशी तिचा माणूस संपणार. तुम्ही म्हणाल अडाणीपणा. म्हणा. मला मात्र रात्री झोप लागत नव्हती.

मी काकांकडे गेले. हिरवे तांदळाचे गोळे घेऊन गेले, म्हातारा गोडाला वितळतो म्हणून. आडून विचारलं, "काका, चेहरा नक्की कुणाचा म्हणायचा?"

"म्हणायचा काय! आजोबांचा. ती नजर दिसत नाही तुला? ती विद्वत्ता?"

"पण समजा, त्या पोरीने दुसऱ्याच कुणाला बघून..."

काकांनी गोळा खाली ठेवला. "सूनबाई, पाहुण्यांपुढे असलं काही बरळलीस तर याद राख. आणि हो, छिंगमिंगनंतर खाडी साफ करायची ठरलीय. बाहेरगावचे लोक येणार, त्यांना बदकांची घाण नको. त्या फंगांना सांग, दुसरीकडे बघा म्हणावं."

झालं! विस्तवात तेल. खरं सांगावं तर म्हाताऱ्याची सगळ्या देशात शोभा, आणि चिडला की फंगांना त्याच दिवशी बाहेर काढणार. आजारी माणूस, थंडीत, होडीत. नाही सांगावं तर हायथांगच्या हिशेबाने तो तसाही मरतोच आहे.

तेव्हा मला लाल कागदाचं सुचलं. माझ्या नवऱ्याच्या थडग्याच्या दगडावर माझंही नाव कोरलेलं आहे. जोड्याने कोरतात. पण मी अजून जिवंत आहे, म्हणून माझ्या नावावर लाल कागद चिकटवलेला असतो. लाल कागद म्हणजे हे माणूस चालतंय-बोलतंय, याला मेलेल्यांत धरू नका. मी दरवर्षी स्वतःच जाऊन नवा लावते, स्वतःच्या नावावर. मी हायथांगला म्हटलं, "थडग्यावर चालतो, तर नाण्यावर का चालू नये?"

तिने माझे दोन्ही हात धरले, इतके घट्ट की दुखले.

मंदिराचा रखवालदार आ-माओ दुपारी माझ्याकडेच जेवतो. त्या दिवशी मी त्याच्या वाडग्यात दुप्पट मांस टाकलं आणि त्याच्या सुनेचा विषय काढला. सुनेचा विषय निघाला की आ-माओला भूकंप कळत नाही. तेवढ्या वेळात हायथांग मंदिराच्या मागच्या दाराने आत गेली आणि नाण्याच्या काचेच्या पेटीवर, बरोबर चेहऱ्यावर, लाल कागद लावून आली.

संध्याकाळी काकांची किंकाळी पुलापर्यंत ऐकू आली. त्यांनी कागद टराटरा फाडला. "कुणी हा डाव साधला? मूळपुरुष मेलेलाच नाही म्हणतात! म्हणजे तो आमचा पितरच नव्हे म्हणतात!" घराण्याची बैठक बसली. कुणी म्हणालं, पलीकडच्या गावचे हेवेखोर. कुणी म्हणालं, पोलिसांना बोलवा. काकांनी पितरांच्या पाट्यांसमोर शपथ घेतली: हे करणारा जो कोण असेल, त्याला गावाच्या पाण्यावर पुन्हा होडी लावू देणार नाही. होडी म्हणाले. गावात होडीवर जगणारे फंगच.

मी हायथांगला म्हटलं, "आता बास. पकडली गेलीस तर दोघंही जाल."

ती म्हणाली, "त्याचा खोकला त्या दुपारी थांबला होता, ताई. कागद होता तेवढा वेळ."

दुसऱ्यांदाही मी आ-माओला मांस वाढलं. दुसऱ्यांदाही काकांनी कागद फाडला. त्यानंतर मात्र त्यांनी मंदिराला दोन्हीकडून कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला बांधली. छिंगमिंग तीन दिवसांवर आला होता आणि शुइकनला पाणी गिळतानाही धाप लागत होती.

तो दिवस उजाडला तो ढगाळ. सकाळपासून गाड्या, होड्या, माणसंच माणसं. माझ्या दुकानात उभं राहायला जागा नाही. अंगणात शिंग पुरुष वयाप्रमाणे रांगा लावून उभे, आम्ही बायका दाराशी. काका नव्या निळ्या अंगरख्यात. पेटीवरची काच पुसून लख्ख केलेली, आणि आत शुइकन, माझा देव साक्षी आहे, सगळ्यांकडे बघत होता. काकांनी तीन जाड उदबत्त्या पेटवल्या. ढोल थांबले. "पहिला नमस्कार!" असं कुणीतरी पुकारलं.

मला धक्का देऊन हायथांग पुढे गेली.

अंगावर बदकांच्या पिसांची जुनी बंडी, पाय चिखलाने भरलेले, हातात खळ लावलेला लाल कागद. उंबरा ओलांडून ती सरळ पुरुषांच्या रांगांमधून चालत गेली. कुणाला काही कळायच्या आत तिने कागद पेटीवर थापला. काकांनी तिचं मनगट पकडलं.

"तू! तूच ती!"

"बदकवाली!" "फंगांची बाई आत आली!" "काढा तिला बाहेर!" एकच गलका. दोघे-तिघे तरुण पुढे धावले. एकाने तिचा दंड धरला. मी ओरडले, "हात लावाल तर हात मोडीन!" पण त्या गोंधळात माझं कोण ऐकतो.

हायथांग काकांच्या पाया पडली नाही, की रडली नाही. मोठ्याने म्हणाली, "खाडी घ्या. होडी घ्या. आम्ही आजच जातो. पण आज त्याला नमस्कार करू नका. तो माझा माणूस आहे आणि तो जिवंत आहे."

"काय बरळतेयस?"

तेवढ्यात मागून खोकला ऐकू आला. रांगा आपोआप दुभंगल्या. शुइकन येत होता, बांबूवर रेलत, अंगावर गोधडी. बायको बाहेर पडलेली कळली तसा अंथरुणातून उठून आला होता. "हायथांग," तो धापा टाकत म्हणाला, "चल घरी. बदकं सोडून आलीस. सगळी पुलापाशी गेलीत."

तो पेटीशेजारी येऊन उभा राहिला. आजारपणात दाढी वाढली होती. बरोबर नाण्यावर होती तेवढीच.

रांगेत पुढे शांघायहून आलेला एक लठ्ठ शिंग होता, त्याने शुइकनला जन्मात पाहिलेलं नव्हतं. त्याने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा कागदाच्या कडेने दिसणाऱ्या नाण्याकडे पाहिलं, आणि "पूर्वज!" म्हणून धाडकन गुडघ्यावर आला.

शुइकन दचकून मागे सरला. "अहो नको, नको! उठा! आधीच संपत आलोय मी!"

कुणीतरी हसलं. दुसऱ्या वेळी मीही हसले असते. पण मी काकांकडे बघत होते. त्यांनी हायथांगचं मनगट सोडलं होतं. त्यांनी कागदाचा वरचा कोपरा हळूच उचलला, भुवई पाहिली. मग शुइकनची भुवई पाहिली. सगळा हिवाळा ज्याला आजोबा म्हणून रडले, तो बदकं राखणारा समोर खोकत होता, आणि देशभरचे शिंग काका काय बोलतात याची वाट बघत होते. हा माणूस कोण, बाहेर काढा, एवढं म्हणाले असते तरी निभावलं असतं. पोरं तयारच होती.

"वय किती तुझं?" काकांनी विचारलं.

"अठ्ठावन्न, काका."

"केव्हापासून आजारी?"

हायथांगने सांगितलं, "नाणं आलं तेव्हापासून."

काकांच्या हातातल्या उदबत्त्यांची राख त्यांच्या बोटांवर पडत होती, त्यांना कळत नव्हतं. ओठ हलत होते. रोज दोनदा, मी मनात म्हटलं, म्हातारा मोजतोय. मग त्यांनी उदबत्त्या उलट्या केल्या आणि राखेत खुपसून विझवल्या. पेटीकडे वळले. कागदाचा उचललेला कोपरा खाली केला आणि अंगठ्याने दाबून दाबून चिकटवला.

"खळ पातळ झालीय," ते हायथांगला म्हणाले. "गव्हाच्या पिठाची कर." मग रांगांकडे वळून, मुख्याध्यापकाच्या आवाजात, "मूळपुरुष सहाशे वर्षं बिनचेहऱ्याचा होता. काही बिघडलं नव्हतं. पाटीकडे तोंड करा सगळे. पहिला नमस्कार!"

सगळे पाटीला वाकले. शुइकन बाजूला उभा राहून बायकोचा हात धरून खोकत होता, आणि मी दाराशी हमसून हमसून रडत होते.

खाडी साफ करायचा विषय पुन्हा निघाला नाही. उन्हाळ्यापर्यंत शुइकन उभा राहिला. डॉक्टर म्हणाले औषध बदललं म्हणून, हायथांग म्हणाली कागदामुळे, मी म्हणते माझ्या हाडांच्या रश्शामुळे. परत पुलाखालून ओरडायला लागला, "वहिनी, रस्सा कालचाच ना?" आणि पाहुण्यांनी आ-माओला विचारलं की पेटीवर लाल कागद का, तर तो सांगायचा, "आतला माणूस गावातच आहे. हवं तर एक डझन अंडी घेऊन भेटून या." काकांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. एवढंच, शुइकन वाटेत दिसला की ते घाईने मान दुसरीकडे वळवायचे, चुकूनही वाकणं होऊ नये म्हणून.

बरीच वर्षं गेली अशी. चांगली गेली. मग एका थंडीत शुइकन होडीतच गेला. बांबू हातात, बदकं भोवती. त्याच्या वेळेला गेला, कुणी त्याला ढकललं नाही.

दफन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हायथांगपाशी बसले होते. दारात काठीचा आवाज आला. पाओथाय काका. नव्वदी उलटलेली, कंबरेत वाकून काटकोन झालेले. आयुष्यात पहिल्यांदा फंगांच्या झोपडीत आले. मी आधार देऊन बसवलं.

"मी त्याला फार वाकलो होतो," बसल्यावर म्हणाले. "माझ्यामुळे त्याचे दिवस..."

"उगाच सगळं अंगावर घेऊ नका," हायथांग म्हणाली. "विड्या त्याने स्वतः ओढल्या."

काका मुद्द्यावर आले. "रीत अशी आहे की माणूस गेला म्हणजे लाल काढायचा. तुझ्या हाताने काढायला हवा. मंदिरात ये उद्या, पुढच्या दाराने ये. तुम्हाला मूलबाळ नाही, मला ठाऊक आहे. आता चेहरा उघडा झाला तरी कुणाचं वाईट होणार नाही. आमचं अख्खं घराणं त्याला उदबत्ती लावेल. आम्ही असेपर्यंत, आमच्यामागे पोरं. मी घराण्याला विचारून आलोय."

मला वाटलं, हायथांग आता त्यांच्या पाया पडेल. पाण्यावरच्या माणसाला शिंगांच्या मंदिरात पिढ्यान्‌पिढ्या उदबत्ती! याहून मोठं काय असतं? ती चुलीतल्या निखाऱ्यांकडे बघत होती.

"नाही काढला तर?" तिने विचारलं.

"तर मग तो अजून जिवंत आहे, असंच धरायचं."

"मग राहू दे काका." तिचा आवाज फुटला. "इथे घरात तो नाही. त्या तिथे मातीत मी त्याला माझ्या हाताने घालून आले. निदान तुमच्याकडे तरी असू दे जिवंत."

काकांनी काठी टेकली. मग उठले, मी धरलं. दारात थांबून म्हणाले, "जुना विटलाय फार. उद्या येशील तेव्हा नवा घेऊन ये."